आरशाच्या दांडीवरची डबी

३ मार्च

बी-हुईचं पार्सल आलं. मला वाटलं पोरीने आईसाठी काहीतरी गरम कपडा धाडला असेल. उघडलं तर काय — वाट दाखवणारं यंत्र! तिच्या जुन्या मोटारीतलं. नव्या मोटारीत आधीच बसवलेलं आहे म्हणे, म्हणून हे आमच्या गळ्यात. ताइपेला राहणाऱ्या लेकींना वाटतं, आईबापाच्या घरी अडगळ कमी पडते.

आणि तिचा बाप, आमचं म्हातारं माकड! दोन्ही हातांत डबी धरून बसलंय, जसा काही नातूच झालाय. म्हटलं, "थिआम-हो, चाळीस वर्षं तू या ताइनानच्या गल्ल्यांतून कासवं पोचवतोयस. कुठल्या दारातलं कुत्रं चावतं तेसुद्धा तुला पाठ. आता साबणाच्या वडीएवढी डबी तुला रस्ता सांगणार?"

म्हणतो, "नदीपलीकडे नवे रस्ते झालेत."

नवे रस्ते! एक पूल, मग सरळ. मी स्कूटर चालवते ती फक्त बाजारापर्यंत — सरळ जायचं, सरळ यायचं, वळणाच्या भानगडीत पडायचं नाही. तरी एवढं मलाही कळतं. पण वाटा त्याच्या, वाफ माझी, अशी वाटणी सासूबाईंनीच करून दिली होती. मी पीठ मळायचं, मुगाचं पुरण भरायचं, साच्यात दाबून केळीच्या पानावर नैवेद्याची कासवं उकडायची. त्याने ती पोचवायची. मी कधी त्याला म्हटलं नाही की मला उकडायचं यंत्र आणून दे!

४ मार्च

क्वे शेठ आले होते. भूमीआजोबांच्या देवळाचे यंदाचे उत्सवप्रमुख. देवाचा कौल त्यांच्या बाजूने पडल्यापासून माणूस दोन बोटं उंच चालतो. चहा घेतला नाही. उभ्यानेच बोलले —

"शेठाणी, गेल्या वर्षी तुमची कासवं वीस मिनिटं उशिरा आली. आजोबांचा वाढदिवस, पाटावर काही नाही, माणसं उदबत्त्या हातात धरून ताटकळत उभी. यंदा एकवीस तारखेला नऊच्या आत. नाहीतर पुढच्या वर्षीपासून कारखान्याची कासवं आणू. कमिटीचं ठरलंय."

कारखान्याची कासवं! रबरासारखी चकाकतात आणि चवीलाही रबरच. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा साचा माझ्या हातात देऊन म्हणाल्या होत्या, आजोबांचं कासव चुकवू नकोस. ही एक ऑर्डर गेली तर तो साचा मी कुठल्या तोंडाने हातात धरू? रडूच येत होतं. क्वे शेठांसमोर रडले नाही, त्यांना तेवढा मान द्यायची इच्छा नव्हती.

माकड आतून ओरडलं, "पोचतील! यंत्र बसवतोय!"

गेल्या वर्षी उशीर का झाला, तर देऊळ नदीपलीकडे नव्या वस्तीत हललं आणि हा तिथे गोल गोल फिरत बसला. आणि आता म्हणे यंत्र.

५ मार्च

कंदिलांचा सण. गावभर कंदील. सगळे बघायला गेले. आमचं माकड घरात डबीचा कंदील करून बसलंय. बघतं तेही मान तिरकी करून, कोंबडी बघते तसं.

६ मार्च

मोटारीचं यंत्र मोटारीच्या काचेला चिकटतं. खाली रबराची वाटी असते, ती दाबायची. स्कूटरला काच कुठाय? हे माझ्यासारख्या सहावी शिकलेल्या बाईला दिसतं. त्याला सांगितलं तर म्हणे, "बघू, जागा सापडेल."

मग हुकूम — "कॅलेंडर वाच गं. यंत्र बसवायला शुभ दिवस कधी?" म्हटलं, चष्मा लाव आणि तूच वाच. तर चष्मा म्हणे खाली राहिला. पुरुषांचा चष्मा नेहमी खाली राहतो आणि बायको नेहमी वर असते. वाचलं. आठ तारीख — लग्नाला अशुभ, विहीर खणायला अशुभ, यंत्र बसवायला शुभ.

आता दोन दिवस डबी उशाशी.

८ मार्च

हसून हसून पोट दुखतंय. लिहिलंच पाहिजे.

सकाळी साहेब आंघोळ करून, केस चोपडून, डबी घेऊन गल्लीच्या देवळात. नवी वस्तू आहे, धूपपात्रावरून तीन वेळा ओवाळल्याशिवाय कशी लावायची! ओवाळली. चांगली खाली नेऊन, धुरात, भक्तीने. आणि त्या रबरी वाटीत बसली राख! मग ती वाटी स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर दाबली, वर थाप मारली, म्हणाला, "बघ, हलतेय का?" उभ्या स्कूटरवर माझी सासूही हलली नसती.

गटाराच्या पहिल्या झाकणावर चाक गेलं आणि डबी खाली. वायरला लोंबकळत गल्लीभर बडबडत गेली. शेजारच्या ल्येनने तिच्या सोयादुधाच्या दुकानातून बघितलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत आख्ख्या वॉर्डाने बघितलं.

देवाची राख म्हणजे काय डिंक वाटला याला?

९ मार्च

आज दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणि माझ्या केळीच्या पानांची रबरबँडं. डबी पडली नाही. पण इंजिन चालू केलं की अशी थरथरते की नकाशातली नदीच उकळतेय असं वाटतं. बाजारात जाताना मलाच ते सगळं सोबत न्यावं लागलं. मधेच म्हणते, तीनशे मीटरवर उजवीकडे वळा. म्हटलं, तू वळ!

१० मार्च

आजचा दिवस कुणाला सांगावा असा नाही. म्हणून इथेच.

गल्ली अठरा, घर नंबर सोळा — बाळ महिन्याचं झालं, चोवीस लाल कासवं. सोपं काम, पायी पाच मिनिटं. आमच्या माकडाने ती दिली सहा नंबरला! सहा नंबरच्या दारावर पांढरा कागद लावलेला आहे, तीन दिवसांपूर्वी म्हातारा गेला त्यांचा. दुखवट्याच्या घरात लाल कासवं! त्यांच्या सुनेने ती परत माझ्या दारात आणून ठेवली. आणि पाठ फिरवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी गेले, वाकून माफी मागितली. परत येऊन याच्यावर तुटून पडले. "कागद दिसला नाही? एवढा पांढरा, दाराएवढा? डोळे फुटले होते का तुझे?"

म्हणाला, "असेल."

असेल! चाळीस वर्षांचं काम आणि उत्तर काय, तर असेल. माणसाचं लक्ष सगळं त्या डबीत. हात कामावर आणि जीव खेळण्यावर. क्वे शेठांच्या कानावर हे गेलं तर एकवीस तारीख उजाडायच्या आधीच कारखान्याला फोन जाईल.

११ मार्च

घरच्या देव्हाऱ्यातल्या भूमीआजोबांना कौल लावला. विचारलं, ही डबी काही उपयोगाची आहे का? नाही तर सांगा, नाल्यात फेकते. कौलाची दोन्ही लाकडं टाकली — दोन्ही सपाट बाजू वर, म्हणजे ना हो, ना नाही. आजोबा हसले. परत टाकली. परत हसले.

बरं वाटलं. निदान देव तरी माझ्या बाजूचा आहे.

१२ मार्च

आता किम-सुई मेकॅनिक यात पडला. एक माकड कमी होतं!

झालं असं, माकडाने स्वतःच आरशाच्या दांडीला पट्टी लावायचं ठरवलं. उजवा आरसा काढायला पाना लावला आणि जोर काढला. उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, हे स्कूटर पाळणाऱ्या या बेटावर शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. याने सुलटे समजून पिळले. बोल्ट मोडून आत. मग स्कूटर हाताने ढकलत किम-सुईकडे.

किम-सुई मला म्हणतो, "वहिनी, ओरडू नका. बसवतो मी पक्कं." मग भाषण — डाव्या आरशाच्या दांडीवर ॲल्युमिनियमची पकड, तिच्या खाली जुन्या ट्यूबचं रबर म्हणजे थरथर खाऊन टाकतं, वर स्प्रिंगचा वायसर म्हणजे नट सुटत नाही, बॅटरीपासून वायर, मधे फ्यूज. एवढं तर आमच्या लग्नातही कुणी पक्कं केलं नव्हतं.

आरशाला आमचा ताईत असतो, लाल दोऱ्यातला. तो काढून ठेवला होता. म्हटलं, आधी तो जागेवर! वाट यंत्र दाखवेल, पण वाचवणार कोण? माकड म्हणालं, "थांब," आणि ताइताच्या दोऱ्याने डबीच पकडीला बांधली. म्हणजे पकड सुटली तरी डबी दोऱ्यावर राहील. किम-सुई म्हणतो, दुहेरी विमा.

चांगली कल्पना आहे. त्याला सांगितलं नाही.

१३ मार्च

डबी फार खाली बसवलीय. त्याला बघायचं तर मान छातीला टेकवावी लागेल. दाखवून दिलं. म्हणाला, "राहू दे." किम-सुईसुद्धा म्हणाला, "राहू दे वहिनी." दोघांची शिकवणी एकाच मास्तरकडे झालेली दिसते.

१४ मार्च

ल्येन आज माशाच्या पेजेचा वाडगा घेऊन आली — म्हणजे बातमी घेऊन आली. म्हणते, "तुझा नवरा स्कूटर चालवत का नाही गं? रोज बघते, मागे कासवं बांधलेली आणि हा हाताने ढकलत जातोय. गल्लीच्या कडेकडेने, भिंतीला धरून. मला वाटलं बिघडली."

बिघडली कसली! मी रोज सकाळी तीच बाजारात नेते. तेव्हा लक्षात आलं, पेट्रोल फक्त माझ्या बाजारापुरतं जातंय. म्हणजे डबीला धक्का लागू नये म्हणून हा गडी स्कूटर ढकलत नेतो! रोज उशीर होतो तो यामुळे. म्हटलं, पालखीच कर ना तिची. चार माणसं लाव.

फडक्याने डबी पुसत बसला. हल्ली काही बोलतच नाही. पूर्वी एक बोललं की दोन ऐकवायचा, त्यात मजा तरी होती.

१५ मार्च

मी पुरण शिजवतेय आणि याची हाक — "जरा येऊन स्कूटरवर बस." मी? "पुढे बस. पडद्यावर ऊन चमकतं का सांग." म्हटलं, तूच बस, चालवणारा तू. "माझी सावली पडते गं, कळत नाही. बस दोन मिनिटं."

पुरण करपायला ठेवून बसले. म्हणे, हात हँडलवर ठेव. सरळ बस. आता नजर रस्त्यावर — आता नुसते डोळे खाली. मान नाही, डोळे. दिसतं का? हो, दिसतं बाबा, स्वच्छ दिसतं. मग पकड जराशी आत वळवली, परत विचारलं, मग नट आवळला. बोटाने नट चाचपून, मग पाना. तोंड वर आभाळाकडे, जसा काही आभाळातच नट आहे.

ऊन थोडं चमकतं, हे सांगितलं. पुरण करपलंच.

१६ मार्च

डबीला उन्हासाठी टोपी शिवून दिली. जुन्या रेनकोटची. मी! माझ्या हाताने!

१७ मार्च

आज चाचणी. मोडकी कासवं एका ट्रेमध्ये घालून पायाशी ठेवली, की धक्का किती बसतो ते कळावं. किम-सुई पुढे, मालक मागे! वरातच. किम-सुई पूल ओलांडून देवळापर्यंत जाऊन आला. परत आल्यावर हसत होता. डबीने म्हणे त्यांना वरच्या मोठ्या रस्त्यावर चढवायचा घाट घातला होता, जिथे स्कूटरला बंदी. मोटारीची ना ती, तिची चाल मोटारीची! चाळीस वर्षं मोटारीत बसलेली बाई स्कूटरवर बसवली तर असंच व्हायचं.

रात्री बी-हुईला फोन. ती तिकडून सांगते, हे दाब, ते दाब. माकड मला सांगतं, हे दाब, ते दाब. दाबणारी मीच. मोठे रस्ते टाळा — हो. आवाज कुठल्या भाषेत? हा म्हणाला, आपल्या बोलीत ठेव. तो सैन्यात राहिलेला, सरकारी भाषा फाडफाड बोलतो. ती भाषा कानावर पडली की मीच गडबडते. मग बोली कुणासाठी? पण ठेवली.

बी-हुई शेवटी म्हणाली, "आई, बाबांना जरा कमी बोलत जा." तिला काय माहीत मी किती बोलते? लिहून ठेवते म्हणून अर्धंच बोलते.

१८ मार्च

पकड हलत नाही. मान्य. दोन्ही हातांनी ओढून बघितली — स्कूटर हलली, डबी नाही. बाजाराच्या रस्त्यावर खड्डा मुद्दाम घेतला. तरीही नाही.

१९ मार्च

एकशे वीस लहान कासवं आणि आजोबांचं मोठं दहा पौंडी. पीठ भिजवलं. साचा तेलात ठेवला. मी ल्येनच्या भावाला व्हॅन विचारून ठेवली आहे. माकडाला सांगितलेलं नाही.

२० मार्च

सांगितलं. भांडण झालं, खरंखुरं, जुन्या दिवसांसारखं.

म्हटलं, उद्या व्हॅन येईल. तुझ्या खेळण्यापायी मी सासूबाईंचा साचा पणाला लावणार नाही. सतरा दिवस मी बघतेय. एक डबी बसवायला देव, पंचांग, मेकॅनिक, पोरगी, सगळे लागले. दुखवट्याच्या घरात लाल कासवं दिलीस. स्कूटर ढकलत नेतोस. अशा माणसाच्या हातात मी आजोबांचं कासव देऊ?

म्हणाला, "माझ्या हातात नको देऊ."

"मग?"

"व्हॅन उद्या आली तर उद्याचं होईल. पुढच्या वर्षी? बाळाचा महिना, कुणाचं सोळावं वर्ष, रोजची चोवीस-चोवीस कासवं — ती व्हॅनने पाठवशील? व्हॅन नको म्हणून सांग. सकाळी सहाला उठ. मग तुला काय वाटेल ते कर."

एवढं लांब तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. मी रागाने दार आपटलं. पण ल्येनच्या भावाला फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. का सांगितलं, माझं मलाच कळत नाही. उद्या उशीर झाला तर या घरात कुणी तरी एकच राहील.

२१ मार्च

देवळात नऊला अकरा मिनिटं कमी असताना पोचलो. एकही कासव मोडलं नाही. स्कूटर मी चालवली.

सहाला त्याने किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, दिसत नाही गं. मधोमध काळा डाग, ऑक्टोबरपासून, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, वाढणार. कडेचं दिसतं, मधलं नाही. "तुझे केस दिसतात, कान दिसतात. तोंड दिसत नाही." गल्ल्या तुला शिकवायला आता वेळ नाही, म्हणून डबी. म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, "तू स्कूटर विकली असतीस."

विकली असती.

मोठं कासव त्याच्या मांडीवर, आमच्या दोघांच्या मधे. पुलावर मी ओरडले, तर मागून शांतपणे म्हणाला, "डावीकडे एकदम वळू नकोस, रस्त्यावर स्कूटरसाठी आखलेल्या पुढच्या चौकोनात थांब, तिथला सिग्नल हिरवा झाला की जा." डबीही डावीकडेच म्हणाली. दोघांचं ऐकलं. मान खाली घालावी लागली नाही, नुसते डोळे.

परत येताना त्याने विचारलं, "डबी हलत नाही ना?"

म्हटलं, नाही. अजिबात हलत नाही.